कागदावरचा बँड

आपल्याकडे वरातीपुढे चालणाऱ्या बँडवाल्यांच्या हाती सहसा कागद नसतो. म्होरक्या ओळ उचलतो, बाकीचे ती झेलतात. जे काही ठाऊक आहे ते कानात आणि बोटांत. या विद्येला आम्ही उणे लेखीत नाही. परंतु इंग्लंडात पितळी बँडचा सारा प्रपंच कागदावर उभा आहे, आणि तो कागद वाचणारे लोक कोण होते हे ध्यानी घेतले म्हणजे नवल वाटते. यॉर्कशायर, लँकेशायर, डरहॅम या परगण्यांतले खाणकामगार आणि गिरणीकामगार ते. दिवसभराची पाळी संपवून, हातपाय धुऊन, ही मंडळी तालमीला बसत.

त्यांना स्वरलिपी साधली ती एका साध्या युक्तीमुळे. पॅरिसच्या अडोल्फ साक्सने १८४० नंतरच्या दशकात एकाच घडणीची लहानमोठी पितळी वाद्ये सिद्ध केली. त्यांच्या कळा सारख्याच चालत. बँडसाठी स्वर लिहिताना रूढी अशी पडली की, वाद्य चिमुकले कॉर्नेट असो वा मांडीवर घेण्याचा अजस्र बास, कागदावरची खूण तीच आणि तिच्यासाठी दाबायच्या कळाही त्याच. आवाज मात्र वाद्याच्या आकाराप्रमाणे उंच किंवा खर्जातला निघावा. आपण पट्टी काळी एक घेतली काय किंवा पांढरी चार घेतली काय, सा तो साच म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. त्यामुळे हॉर्न वाजवणारा गडी अडल्या वेळी बासवर बसू शके, आणि पोरवयात कॉर्नेट शिकलेला माणूस उतारवयात युफोनियम हाती घेई. पुन्हा नवी लिपी शिकणे नको. या नियमाला अपवाद एका बास ट्रॉम्बोनचा. त्याचा कागद अजूनही वेगळ्या खुणेने लिहितात.

रस्त्यावरच्या संचलनाचा कागद म्हणजे पोस्टकार्डाहून थोडा मोठा तुकडा. तो वाद्यालाच चिमट्याने अडकवायचा. त्यावर त्या एका वादकापुरतेच स्वर असतात. दुय्यम हॉर्नवाल्याचा तुकडा तेवढा पाहिला तर गत कोणती हेही कळणार नाही. ठोक्याच्या मधल्या फटीत एक स्वर, पुन्हा विश्रांती, पुन्हा तोच स्वर. पंचविसेक माणसे जमून वाजवू लागली की मगच गत दिसते. सर्व वाद्यांचे स्वर एकाखाली एक मांडलेला मोठा कागद जुन्या मार्चांबरोबर पुष्कळदा छापतच नसत. बँडमास्तर मुख्य कॉर्नेटचाच कागद पुढे ठेवून साऱ्यांना हाकी. लिव्हरपूलच्या राइट अँड राउंड या १८७५ पासूनच्या प्रकाशकांकडे वर्षाची वर्गणी भरली की नव्या गती टपालाने घरपोच येत. वर्गणी भरून मासिकाची वाट पाहणाऱ्या आमच्या वाचकांना यातली गोडी सांगायला नको.

मार्चांतही जाती आहेत. पावले टाकण्यासाठीचा मार्च सुटसुटीत असतो. बसून वाजवण्याच्या मार्चाला विस्ताराची मोकळीक असते. आणि स्पर्धेचा मार्च म्हणजे बँडची परीक्षाच. शिल्डन येथे रेल्वेच्या वाघिणींच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज ॲलनने (१८६४–१९३०) रचलेले 'सेनेटर' आणि 'नाइट टेम्प्लर' हे मार्च अजून स्पर्धांत वाजतात. त्यात खर्जाच्या वाद्यांना अशी धावपळ दिली आहे की दम टिकवणे मुश्किल. पेंटेकॉस्टच्या सणानंतरच्या शुक्रवारी सॅडलवर्थच्या खेड्यांतून बँड गावोगाव फिरून असे मार्च वाजवतात, आणि परीक्षक पडद्याआड बसून, कोणाचा बँड हे न पाहता, गुण देतो. आपल्या गाण्याच्या स्पर्धांनी ही रीत उचलण्यास आमची मुळीच हरकत नाही.

एकट्या वादकासाठीच्या रचनांची तऱ्हा निराळी. पॅरिसच्या आर्बाँने १८६४ साली कॉर्नेटचा जो ग्रंथ छापला तो आजही या वादकांचा पाठ्यग्रंथ आहे. त्याच्या 'कार्निव्हल ऑफ व्हेनिस'मध्ये एक साधी चाल घेऊन तिच्यावर एकाहून एक अवघड फिरत रचली आहे. तानांची हौस असलेल्या आपल्या कानाला हे लगेच रुचते. फरक इतकाच, की इथे तानसुद्धा लिहिलेली असते! पुढे होल्स्ट (१९२८) आणि एल्गार (१९३०) यांसारख्या थोरांनीही बँडस्पर्धांसाठी रचना केल्या.

आपल्या बाजूला हा कागद अगदीच आला नाही असे नव्हे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाच रेघांची लिपी शिकवीत. त्या बळावर गोमंतकीय वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात मोठ्या संख्येने शिरले. आमच्या वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्षांनी गायनशाळा काढली आणि चिजा स्वरलिपीत बांधल्या. पण लग्नाच्या बँडपर्यंत वाद्ये पोचली, कागद सहसा पोचला नाही. एखादा जाणता मास्तर सिनेगीताची मांडणी अशी नामी करतो की ऐकतच राहावे. तो गेला की ती मांडणीही बहुधा त्याच्याबरोबर जाते. आम्हांस याचीच हळहळ वाटते.

वेल्समधील ग्रेसफर्डच्या कोळशाच्या खाणीत २२ सप्टेंबर १९३४ रोजी स्फोट होऊन २६६ माणसे दगावली. बहुतेकांचे देह खाणीतच राहिले. डरहॅमकडच्या रॉबर्ट सेंट नावाच्या खाणकामगाराने त्यांच्या स्मरणार्थ बँडसाठी एक संथ रचना लिहिली, तिचे नाव 'ग्रेसफर्ड'. तिला शब्द नाहीत. सेंट १९५० साली वारला. पुढे खाणीही गेल्या. ग्राइमथॉर्पच्या बँडने ऑक्टोबर १९९२ मध्ये, खाण बंद होणार ही घोषणा झाल्यावर थोड्याच दिवसांत, लंडनला राष्ट्रीय विजेतेपद जिंकले; पुढल्या वर्षी खाण बंद झाली, बँड मात्र चालू राहिला. डरहॅमला अजूनही जुलै महिन्यात खाणकामगारांचा मेळावा भरतो. बंद झालेल्या खाणींची निशाणे घेऊन माणसे येतात, त्यांच्यापुढे बँड असतात, आणि 'ग्रेसफर्ड' सुरू झाले की सारे मैदान उभे राहते.