पोटगीचा हुकूम झाला, वसुलीचे काय?

घटस्फोटाचा विषय निघाला की चर्चा बहुधा कारणांपाशीच घुटमळते. क्रूरता कशाला म्हणावे, परस्पर संमतीच्या अर्जानंतर सहा महिने थांबलेच पाहिजे काय, यांवर निवाडे पुष्कळ आहेत. ही सहा महिन्यांची अट योग्य प्रकरणी शिथिल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलेच आहे. परंतु न्यायालयाची पायरी चढणाऱ्या अनेक स्त्रियांचा प्रश्न याहून साधा असतो. दरमहा हाती काय पडणार आणि केव्हा?

कागदावर कायदा उदार आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे, आशय तोच. घटस्फोट होऊनही पुनर्विवाह न केलेली स्त्री या कलमापुरती पत्नीच ठरते. ते अर्जदाराचा धर्म पाहात नाही, हे १९८५ च्या शाहबानो निकालाने सांगितले आणि दरम्यानच्या साऱ्या वादंगानंतर २०२४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले. दरमहा ५०० रुपयांची जुनी मर्यादा २००१ साली उठली. अंतरिम पोटगीचा अर्ज, नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, ही तरतूदही त्याच दुरुस्तीतली.

त्या ‘शक्यतो’ या शब्दाने किती मुभा दिली, हे नागपूरच्या एका प्रकरणात दिसले. अर्ज २०१३ चा. कुटुंब न्यायालयाने २०१५ मध्ये पत्नीस दरमहा १५,००० रुपये अंतरिम पोटगी दिली, २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला थकबाकी १२ आठवड्यांत भरण्याचा आदेश द्यावा लागला. सात वर्षे, तीही ‘अंतरिम’ रकमेसाठी! याच निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि उभय पक्षांनी मिळकत व देणी यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे, असा देशभरासाठी दंडक घातला. दंडक योग्यच आहे. मात्र तो सर्वांना सारखा जाचत नाही. शिक्षक वा कारकून यांचा पगार पत्रकावर असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यापोटी त्याचा दोन तृतीयांश भागही जप्त होऊ शकतो. ज्याचे दुकान भावाच्या नावे आणि व्यवहार रोखीचा, त्याच्या प्रतिज्ञापत्रात काय सापडणार?

हुकूम मोडणाऱ्यास एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली की देणे फिटले, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. कैद हे वसुलीचे साधन आहे, फेड नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच स्पष्ट केले आहे. याहून घातक अज्ञान मुदतीविषयीचे आहे. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर त्या रकमेपुरते या कलमाखालचे वॉरंट निघत नाही. आज देईल, उद्या देईल म्हणून थांबलेली, माहेरच्यांच्या सल्ल्याने गप्प राहिलेली स्त्री तेवढ्या थकबाकीपुरता हा मार्ग गमावते.

दोष येथे आहे. हुकूम न्यायालयाचा, पण तो मोडला गेला हे सांगायचे पत्नीने, नवा अर्ज करायचा तिने, पतीचा पत्ता आणि मालमत्ता शोधायची तिने, आणि वॉरंट बजावले गेले की नाही हे विचारायला पोलीस ठाण्यात खेटे घालायचे तेही तिनेच. कुटुंब न्यायालय कायदा १९८४ चा. त्यात वकील हक्काने उभा करता येत नाही. उद्देश हा, की सामान्य माणसाला स्वतःची कैफियत मांडता यावी. मग थकलेल्या हप्त्यांची नोंद न्यायालयाच्याच कार्यालयाने ठेवावी आणि दुसरा हप्ता चुकताच आपणहून नोटीस काढावी, ही अपेक्षा अवाजवी कशी? त्यासाठी कायदाच बदलावा लागणार असेल, तर ६० दिवसांची तरतूद करणाऱ्या संसदेला तेही अशक्य नाही.