नोंद खरी, म्हणून गोष्ट खरी?

एखादा मजकूर अस्सल की बनावट, हा प्रश्न आपण साहित्याच्या अभ्यासकांनी जुन्या पोथ्यांपुरता राखून ठेवलेला दिसतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण वर्गात सांगतो. तुकोबांच्या गाथेतील प्रक्षिप्त अभंगांचा प्रश्न परीक्षेत विचारतो. हीच विद्या आपल्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या वाचनाला लावून पाहावी, असे मात्र क्वचितच सुचते. त्या वाचनात व्हिडिओ गेमच्या वार्ता पुष्कळ असतात आणि त्यांच्या खरेखोटेपणाचे वाद आपल्या पाठभेदांच्या वादांइतक्याच हिरिरीने लढवले जातात. त्यांतील एका वादाकडे पाठचिकित्सेच्या दृष्टीने पाहण्याचा येथे विचार आहे.

‘हाफ-लाइफ’ हा व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचा खेळ १९९८ साली आला. दुसरा भाग २००४ मध्ये आला आणि त्याची कथा पुढे नेणारे दोन उपभाग २००६ व २००७ मध्ये आले. शेवटच्या उपभागाची अखेर एका प्रमुख पात्राच्या मृत्यूवर आणि अर्धवट राहिलेल्या प्रवासावर होते. तिसरा उपभाग जाहीर होऊनही आला नाही. एखाद्या कादंबरीचे खंड निघत असावेत आणि अखेरचा खंड लेखकाने हातचा राखून ठेवावा, तशी ही वाचकांची (येथे खेळणाऱ्यांची) अवस्था होती. अशा वेळी, २०१३ च्या सप्टेंबरअखेरीस, स्पेनमधील आलिकान्ते येथील युरोपीय संघाच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या माहितीसंचात ‘हाफ-लाइफ ३’ या नावाचा एक अर्ज दिसू लागला. अर्जदार म्हणून नाव व्हॉल्व्हचे होते, तारीख २९ सप्टेंबर. वार्ता जगभर पसरली आणि काही दिवसांतच ती नोंद दिसेनाशी झाली. मग वाद पेटला. एक पक्ष म्हणे, गुपित फुटल्यामुळे कंपनीने अर्ज मागे घेतला. दुसरा म्हणे, कोणा खोडसाळ माणसाने कंपनीच्या नावाने तो भरला होता.

या वादात ‘फुटलेली नोंद’ हा शब्दप्रयोग सर्रास झाला, आणि तो तपासून घेण्यासारखा आहे. प्रश्नपत्रिका फुटते, कारण ती कुलपात असते. ट्रेडमार्कची नोंदवही मुळातच सर्वांना पाहण्यासाठी खुली असते. तिचे प्रयोजनच ते आहे. खुल्या वहीतील ओळ वाचण्याला ‘फुटणे’ म्हटले, की त्या ओळीला आपोआप गुपिताचे वजन येते. लपवलेले ते खरेच असणार, अशी आपल्या मनाची एक जुनी समजूत आहे. शब्दाच्या निवडीतच अर्धा निकाल लागून गेला होता.

‘नोंद खरी आहे का?’ या एका प्रश्नात वस्तुतः तीन प्रश्न आहेत. नोंद वहीत खरोखर आहे का? ती ज्याच्या नावे आहे त्यानेच केली आहे का? आणि तिच्यावरून काढलेले अनुमान बरोबर आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवसांत निःसंशय ‘होय’ असे होते. कोणीही स्वतः जाऊन पाहू शकत होते. गफलत झाली ती या ‘होय’ने उरलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे दिली असे समजण्यात. त्या काळी तेथे अर्ज संगणकावरून भरता येई आणि शुल्क भरण्यास एक महिन्याची मुदत असे. शुल्काविना अर्जाला दाखल-तारीखच मिळत नसे. म्हणजे कार्यालयाचा शिक्का असलेल्या पानावरही अद्याप कोणी न तपासलेले विधान असू शकते. पोथी जुनी असली म्हणून तिच्यातली प्रत्येक ओवी मूळ कवीची ठरत नाही, हे ज्याला कळते त्याला हेही कळायला हरकत नसावी.

तिसरा प्रश्न याहून महत्त्वाचा. अर्ज कंपनीनेच केला होता असे क्षणभर धरून चालू. ट्रेडमार्कचा अर्ज म्हणजे एका नावावरचा हक्क मागणे. वस्तू व सेवा यांचे ४५ वर्ग ठरलेले आहेत. संगणकप्रणाली नवव्या वर्गात, खेळ व खेळणी अठ्ठाविसाव्यात, मनोरंजन एकेचाळिसाव्यात. त्यांपैकी कोणत्या वर्गांत हे नाव आपले असावे एवढेच अर्जदार सांगतो. कथा लिहून झाली आहे का, हे अर्जात कोणी विचारत नाही. उलट ज्यांना खरोखर गुप्तता हवी असते त्यांच्या वाटा निराळ्या असतात. पॅरिस करारानुसार एका देशातील अर्जाची तारीख सहा महिन्यांच्या आत दुसऱ्या देशातही धरता येते. म्हणूनच आयफोन या नावाचा अर्ज २००६ साली आधी त्रिनिदाद आणि टोबॅगोत, सहसा कोणाची नजर न जाणाऱ्या ठिकाणी, करण्यात आला होता. ज्या नोंदवहीवर सगळ्यांचे डोळे लागलेले, तेथे स्वतःच्या नावाने अर्ज करणारी कंपनी फारशी सावध म्हणता येणार नाही. हाही पुरावा नव्हे, संभवाचा विचार आहे. पण तोही त्या उत्साहात मागे पडला.

मला सर्वांत बोलका वाटतो तो नोंद नाहीशी झाल्यानंतरचा टप्पा. नोंद होती तेव्हा ती खेळ येणार असल्याचा पुरावा होती. ती गेली तेव्हा तिचे जाणेही खेळ येणार असल्याचाच पुरावा ठरले! जे अनुमान कशानेच खोटे ठरू शकत नाही, त्याला पुराव्याची गरज कधी नव्हतीच. ते इच्छेवर उभे होते. ही इच्छा तुच्छ आहे असे मला म्हणायचे नाही. अपूर्ण कथेच्या पुढे काय झाले हे जाणण्याची ओढ नसती तर कथावाङ्मय जन्मलेच नसते. मात्र जे खरे असावे असे आपल्याला फार वाटते, त्याची परीक्षा अधिक कठोर व्हायला हवी. आणि आपण नेमके तेथेच सैल होतो.

या प्रकरणाला एक उत्तरार्ध आहे आणि तो आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. या खेळांचा लेखक मार्क लेडलॉ २०१६ मध्ये कंपनीतून बाहेर पडला. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याने ‘इपिसल ३’ नावाचा एक पत्ररूप मजकूर प्रसिद्ध केला. त्यात खेळाचे नाव नव्हते, पात्रांची नावे बदललेली होती, नायकाची नायिका झाली होती. अधिकृततेची एकही खूण नव्हती. तरीही न आलेल्या उपभागाचे हे कथानक आहे, हे वाचकांनी तत्काळ ओळखले आणि मूळ नावे परत घालून त्याच्या प्रती तयार केल्या. हा मजकूर कंपनीची अधिकृत कथा नव्हता, आणि तो प्रसिद्ध केल्याचा खेद लेडलॉने २०२३ मध्ये बोलून दाखवला. पण त्याचे कर्तृत्व आणि त्याचा कथेशी असलेला संबंध ओळखायला शिक्क्याची गरज पडली नाही. कथेचा ओघ, पात्रांचे परस्परसंबंध, लिहिणारा कोण हे ज्ञात असणे, एवढे अंतर्गत पुरावे पुरेसे झाले. १४४० मध्ये लोरेन्झो व्हाला याने सम्राट कॉन्स्टंटाइनचे म्हणून मिरवले जाणारे दानपत्र बनावट ठरवले, तेही त्यातील भाषा त्या काळाची असू शकत नाही हे दाखवून. तेच शस्त्र येथे खरेपणाच्या बाजूने चालले.

म्हणजे याच वाचकवर्गाने एकदा शिक्का पाहिला आणि मजकूर पाहिला नाही. दुसऱ्यांदा शिक्का नव्हता म्हणून मजकूर नीट वाचला. चिकित्सेची शक्ती त्यांच्यात होती, फक्त अधिकृत दिसणाऱ्या पानासमोर ती गप्प बसली.

एका खेळासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. खेळाची वार्ता खोटी ठरली तर चार दिवसांचा हिरमोड होतो, हे खरे. पण वाचण्याची सवय विषय बदलला म्हणून बदलत नाही. शासकीय परिपत्रकाचे छायाचित्र, विद्यापीठाच्या नावाची सूचना, एखाद्या थोर पुरुषाचे म्हणून फिरणारे पत्र, हे सारे आपले विद्यार्थी याच सवयीने वाचतात. खरे तर आपणही. तेव्हा पाठचिकित्सा शिकवताना गाथेतील एका संशयित अभंगाशेजारी आलिकान्तेच्या त्या नोंदीचाही पाठ ठेवावा, आणि वर सांगितलेले तीन प्रश्न दोन्हींना वेगवेगळे विचारायला लावावेत, असे मी सुचवीन. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर किती जण तेथेच थांबतात, हे आपल्यालाही पाहायला मिळेल.