पाणी ओतत राहू नका, आधी कूलंटचा रंग बघा

नवीन जालन्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यात समृद्धी महामार्गावर गाडी तास न् तास १२०च्या वेगाने पळते. कूलंट कमी दिसलं की आपण बाटलीभर पाणी ओततो आणि निघतो. ही सवय सोडा. कूलंट बंद वाटेने फिरतं. ते सारखं कमी होत असेल, तर कुठूनतरी जातंय. कुठून, ते आधी शोधा.

सकाळी, गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो. उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.

आधी कूलंटची बाटली बघा. हिरवं, गुलाबी, निळं, जे भरलंय ते स्वच्छ दिसलं पाहिजे. लालसर, गढूळ दिसलं तर तो गंज आहे. बोअरच्या पाण्याचे जे क्षार तुमच्या गीझरच्या कॉइलवर बसतात, तेच रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. चिकट गाळ दिसला, तर दोन जातींचं कूलंट एकत्र झालं असेल. एवढ्यावरून इंजिनचं हेड खोलू देऊ नका. आधी रेडिएटर आणि पाण्याची वाट साफ करून घ्या.

पण वर तेलाचा तवंग किंवा दुधाळ चहासारखा घट्ट थर असेल, तर कूलंटमध्ये तेल आलंय.

मग इंजिन ऑइलची डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ झालंय किंवा पातळी वाढलीय? मग गाडी सुरूच करू नका. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं. गाडी टो करून न्या. टोचा खर्च इंजिनच्या कामापुढे काहीच नाही. थंडीत घर ते मोंढा एवढंच फिरणाऱ्या गाडीत मात्र ऑइलच्या झाकणाला आतून थोडी पांढरी साय धरते. ती वाफेची असते. डिपस्टिक स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल, तर घाबरू नका.

ऑइल स्वच्छ असेल, तरच थंड गाडी सुरू करा. बाटलीत सारखे बुडबुडे येतात? रेडिएटरचा वरचा पाइप लगेच दगडासारखा कडक होतो? सायलेन्सरचा गोडसर वासाचा पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नाही? मग हेड गॅस्केटचा संशय धरा. हेड आणि ब्लॉकच्या मधली ही पातळ पट्टी जळणारा वायू, तेल आणि पाणी वेगळं ठेवते. ती गेली की सगळं एकमेकांत मिसळतं.

तरी मिस्त्रीला लगेच "हेड खोला" म्हणू नका. आधी प्रेशर टेस्ट करून घ्या. पाण्यात वायू येतोय का, हे निळ्या द्रावणाने तपासता येतं. पेट्रोल गाडीत वायू असला की ते पिवळं पडतं. कूलंटमध्ये तेल असेल, तर ऑइल कूलरही तपासायला सांगा. ऑटोमॅटिक गाडीत गिअरचं तेलही रेडिएटरमधून येऊ शकतं.

हेड खोलावंच लागलं, तर ते वाकलंय का, त्याला तडा आहे का, हे लेथवाल्याकडून बघून घ्या. कंपनीने नवे बोल्ट सांगितले असतील, तर नवेच टाका. "गाडी गरम होणार नाही" म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकू देऊ नका. शेवटी ऑइल बदला आणि कंपनीने सांगितलेलं कूलंट भरा. त्यात पाणी मिसळायचं असेल, तर डिस्टिल्ड वॉटरच वापरा.

रस्त्यात तापमानाचा काटा चढला, तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण सुरू करा. गाडी डावीकडे सुरक्षित जागी थांबवा, इंजिन बंद करा. घरच्यांना उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका. काटा अचानक खाली आला, तरी निर्धास्त होऊ नका. पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चुकीचं दाखवतो.

आणखी एक. कूलंट चवीला गोड, पण विषारी असतं. काढलेलं कूलंट उघड्या बादलीत ठेवू नका, नालीत ओतू नका. लहान मूल किंवा गल्लीतलं कुत्रं त्याला तोंड लावू शकतं. डबा घट्ट बंद करा आणि गॅरेजवर द्या.