तुरुंगात आईसोबत १,७६४ मुलं. घरी मागे राहिलेली किती?
एनसीआरबीच्या अहवालानुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यातले जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून निकाली न निघालेले. आईसोबत तुरुंगात राहणाऱ्या मुलांचीही त्यात नोंद आहे: १,७६४.

पण आई किंवा वडील आत गेल्यावर घरी राहिलेल्या मुलांचा आकडा या अहवालात नाही. अमेरिकेत सरकारी सर्वेक्षणात कैद्यांनाच हे विचारलं गेलं. २०१६ मध्ये तिथे अशी सुमारे १५ लाख अल्पवयीन मुलं होती.

आपल्याकडेही कैद्याला दाखल करतानाच विचारता येईल: घरी मुलं किती, त्यांना कोण सांभाळतंय? ही माहिती जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे गेली, तर शाळा सुटण्याआधी मुलांपर्यंत मदत पोहोचू शकेल.