कार्ड राहू द्या, दवाखान्याचं बोला!

महापालिकेची मुदत संपली एप्रिल २०२० ला, मतदान झालं थेट जानेवारी २०२६ ला. तरी मुकुंदवाडीत टपरीवर चर्चा काय? तिकीट कुणाला अन् बंडखोर कोण! आपण आयटीवालेही त्यातच. आरोग्याचं विचारलं की उमेदवार म्हणणार, "पाच लाखांचं कार्ड काढून देतो."

अहो साहेब, ती महात्मा फुले योजना राज्याची, तुमची नव्हे. शिवाय ॲडमिट झाल्यावर, ठरावीक उपचारांनाच. पोराच्या तापाला, आजीच्या बीपीच्या गोळ्यांना काय उपयोग? तिथे लागतो वॉर्डातला दवाखाना, आणि तो चालवणं १९४९ च्या कायद्याने महापालिकेचंच काम. ते धड नसेल तर माणूस साध्या खोकल्यालाही घाटीच्या रांगेत (नाहीतर खाजगीत, खिसा रिकामा करून).

नगरसेवक भेटले की एवढंच विचारा: संध्याकाळी डॉक्टर किती वाजेपर्यंत बसतात?