छाटणी झाली, आता बाग सांभाळा

विंचूरहून एका माउलीचे पत्र आले आहे. नाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे, तेव्हा आपण त्यांना नुसते माई म्हणू. माई लिहितात : "आमच्या थोरल्या सूनबाईंचे वजन ११८ किलोवर गेले होते. साखरेचा आजार जडला, गुडघे धरले. नाशिकला दाखवले तेव्हा डॉक्टरांनी पोट लहान करण्याचे ऑपरेशन सुचवले. घरात पुष्कळ खल झाला. शेवटी द्राक्षाचे पैसे आले होते ते त्यात घातले. दीड वर्षात वजन ७६ वर आले. भाऊबंदांत कौतुक झाले. पण गेल्या तीन महिन्यांत ४ किलो पुन्हा वाढले. आता सूनबाई काट्यावर उभ्या राहत नाहीत, डॉक्टरांकडे चला म्हटले तर रडतात. ऑपरेशन फुकट गेले का? आणि आम्ही घरच्यांनी काय करावे?"

माई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ऑपरेशन फुकट गेलेले नाही. ११८ चे ८० म्हणजे अजूनही ३८ किलो ओझे सूनबाईंच्या गुडघ्यांवरून उतरलेलेच आहे. तुमचा दुसरा प्रश्न मात्र फार मोलाचा आहे. तो फार थोडी घरे विचारतात, म्हणून आजचे सारे पान त्यालाच देतो.

निफाड तालुक्यातल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. एप्रिलमध्ये द्राक्षबागेची खरड छाटणी होते. छाटणी एक-दोन दिवसांत उरकते, पण छाटली म्हणजे माल आला असे कोणी म्हणत नाही. पुढे फुटींची विरळणी, शेंडा खुडणे, बगलफुटी काढणे, पाणी आणि खत मोजून देणे हे सगळे ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत आणि त्याच्याही पुढे चालते. छाटून बाग सोडून दिली तर ती माजते. त्यात दोष छाटणीचा नसतो. पोटाच्या ऑपरेशनचेही असेच आहे.

या ऑपरेशनचे मुख्य प्रकार दोन. एकाला 'स्लीव्ह' म्हणतात. त्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा थोडा अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. दुसरा 'बायपास'. त्यात जठराची लहानशी पिशवी वेगळी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्हींत पोटात जागा कमी होते. शिवाय भुकेची वर्दी मेंदूला देणारी द्रव्येही बदलतात. घ्रेलिन नावाचे भूक लावणारे द्रव्य जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली शोधून काढले. ते बहुतांशी जठराच्या वरच्या भागात तयार होते, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघून जातो. म्हणून पहिले वर्ष-दीड वर्ष भूक अशी लागतच नाही.

हा काळ म्हणजे जमिनीला आलेला वापसा समजा. वापसा असतो तोवर पेरणी उरकायची असते. या काळात नव्या सवयी लावल्या तर त्या रुजतात. पण होते काय, की वजन आपोआप उतरत असते, म्हणून सवयींकडे कोणी पाहत नाही. मग शरीर सावरते, भूक हळूहळू परत येते आणि जुन्या सवयी वाट पाहत उभ्याच असतात. सूनबाईंच्या बाबतीत तेच झाले असावे. वापसा गेला म्हणून पेरणीच होत नाही असे नाही. मेहनत जास्त पडते इतकेच.

थोडे वजन परत येणे हा तर नियमच आहे. स्वीडन देशात १९८७ सालापासून अशी ऑपरेशने झालेल्या सुमारे २,००० लोकांचा हिशेब ठेवला गेला. २००७ साली तो प्रसिद्ध झाला. बायपास केलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले होते. दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्के राहिली. म्हणजे १०० किलोचा माणूस ६८ वर आला आणि पुढे ७५ वर स्थिरावला. तरीही ऑपरेशन न केलेल्या तशाच लठ्ठ माणसांपेक्षा या मंडळींत मृत्यूचे प्रमाण कमीच आढळले. तेव्हा ४ किलो वाढले म्हणून कपाळाला हात लावू नये. पण तिकडे काणाडोळाही करू नये, कारण ४ चे १४ होताना कोणी दवंडी पिटत नाही.

आपल्या महाराष्ट्रातले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण घ्या. नागपूरचे नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत हे ऑपरेशन करून घेतले. त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, २०२२ साली उज्जैनच्या जाहीर सभेत, आपले वजन पूर्वी १३५ किलो होते ते ९३ वर आल्याचे त्यांनी सांगितले. आजही ते बोलतात ते रोजच्या व्यायामाबद्दल, प्राणायामाबद्दल आणि बेताने खाण्याबद्दल. ऑपरेशन एका दिवसाचे होते, नेम मात्र रोजचा आहे.

आता हा नेम आपल्या घरात कसा पाळायचा ते पाहू.

ताटात काय आधी, काय नंतर हे ठरवून घ्यावे. पोटात जागा थोडी, म्हणून आधी डाळ, उसळ, अंडे, दही, पनीर किंवा मासळी-मटण, त्यानंतर भाजी आणि शेवटी भाकरी. प्रथिने दिवसाला निदान ६० ग्रॅम लागतात, नाहीतर चरबीबरोबर अंगातले मांसही झडते आणि केस गळतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात साधारण ७ ग्रॅम आणि ३० ग्रॅम वाळक्या सोयाबीन वड्यांत सुमारे १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. मटकी, हुलगे, मूग घरचेच असतात. घास सुपारीएवढा घ्यावा, बारीक चावावा आणि जेवणाला वीस मिनिटे द्यावीत. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट प्यावे, पण दिवसभरात दीड-दोन लिटर पोटात गेलेच पाहिजे. उन्हात काम असेल तर त्याहून जास्त.

चोरवाटा ओळखाव्यात. ऑपरेशनने भाकरी अडते, पण पातळ आणि विरघळणारे पदार्थ अडत नाहीत, ते सुळकन सरकतात. आपल्याकडे येईल-जाईल त्याच्याबरोबर चहा होतो. दिवसाला आठ कप आणि कपात दोन चमचे साखर धरली तर ८० ग्रॅम साखर झाली. ती दोन भाकरींच्या जवळपास भरते, आणि जेवल्याची खूण पोटाला पटत नाही. शेव-फरसाणाचा डबा, सरबत, बाटलीतली थंड पेये याच जातीची. बेदाण्याचेही तेच. चार किलो द्राक्षांची साखर किलोभर बेदाण्यांत उतरते, आणि येता-जाता मूठ तोंडात टाकायला वेळ लागत नाही. बायपास झालेल्यांना एकदम गोड खाल्ल्यावर धडधड, घाम, चक्कर, जुलाब असा त्रासही होतो. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी दूध, ताक, पनीर घ्यावे. निर्जळी उपवास तर करूच नये.

गोळ्या जन्मभराच्या आहेत. इथेच पुष्कळ जण चुकतात. वर्षभर बरे वाटले की गोळ्या बंद, तपासणी बंद. अन्नातून लोह, कॅल्शियम, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व पूर्वीसारखे शोषले जात नाही आणि साठा हळूहळू संपतो. शाकाहारी माणसाला ब-१२ ची भीती अधिक. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, आणि लोह व कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. रक्ताची तपासणी पहिल्या वर्षात डॉक्टर सांगतील तशी, आणि पुढे वर्षातून एकदा करावीच. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने कमी किंवा बंद करू नयेत.

अंगदुखीच्या गोळीपासून सावध राहावे. उन्हाळ कांदा काढायच्या दिवसांत पाठ धरते आणि दुकानातून गोळी येते. इबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्यांनी बायपास केलेल्या माणसाच्या जठराला व्रण पडतो, रक्तस्राव होऊ शकतो. स्लीव्ह झालेल्यांनीही विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. दुकानदाराला आपले ऑपरेशन ठाऊक नसते, तेव्हा आपणच सांगावे. तंबाखू आणि विडीनेही व्रण पडतात. विंचूरला वाइन पार्क आहे, म्हणून वाइन म्हणजे नुसता द्राक्षाचा रस असे कोणी समजू नये. बायपासनंतर दारू झपाट्याने भिनते. दुसऱ्या वर्षापासून दारूच्या आहारी जाण्याचे प्रमाण वाढते असे अमेरिकेतल्या २०१२ सालच्या एका अभ्यासात दिसले आहे.

चालणे सोडू नये. "शेतातले काम करतो, मग निराळा व्यायाम कशाला?" असे पुष्कळ जण म्हणतात. पण शेतातले काम हंगामी असते. चार दिवस कंबर मोडते आणि चार दिवस मोटरसायकलवरून बांधावर चक्कर मारून माणूस घरी येतो. आठवड्याला निदान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, दम लागेल इतके चालावे. हमरस्त्याच्या कडेने न चालता शिवाररस्त्याने जावे. आणि माई, सूनबाईंना एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर तुम्ही बरोबर निघा. तुमच्याही गुडघ्यांचे भले होईल.

सूनबाई तरुण आहेत म्हणून आणखी एक सांगतो. वजन उतरले की दिवस लवकर राहू शकतात, पण ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने मूल होऊ देऊ नये असे डॉक्टर सांगतात. पुढेही विचार असेल तर आधी रक्त तपासून घ्यावे. अशा बाईला "आता पाळणा कधी?" असे चारचौघांत विचारू नये.

आता घरच्यांचे काम. खरे म्हणजे निम्मे ऑपरेशन घरच्यांचेच असते. आपल्याकडे माया ताटात वाढायची रीत आहे. लग्नाच्या पंगतीत "एवढ्याने काय होतंय, घे की गं" असा आग्रह होतो. एका घासाने काही होत नाही हे खरे, पण आग्रह करणारी वीस माणसे असतात आणि पोट एकच असते. तेव्हा सूनबाईंच्या वतीने सासूबाईंनीच "तिला पुरे, तिचे पोट भरले" असे ठामपणे सांगावे. सासूच्या तोंडून निघालेला असा शब्द भावकीत कोणी खाली पडू देत नाही.

त्यांचे पातेले वेगळे मांडू नये. वेगळे पातेले म्हणजे रोजची शिक्षा. साऱ्या घराचेच तेल-साखर थोडे उतरवावे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खेड्यांमध्ये शंभरातील जवळपास २० स्त्रिया आणि १९ पुरुष जादा वजनाचे आढळले. म्हणजे हा सूनबाईंचा एकटीचा आजार राहिलेला नाही.

आणि बोलणे जपावे. जाड होत्या तेव्हा लोक हसले, वाळल्या तेव्हा "कातडी किती लोंबली, म्हातारी दिसायला लागली" म्हणाले, आणि आता चार किलो वाढल्यावर "लाखो रुपये पाण्यात गेले" असे कोणी म्हणालेच असेल. माणूस अशा बोलण्याने सुधारत नाही, लपून खायला लागतो. पुष्कळांना दुःखात, एकटेपणात खाण्याचाच आधार असतो. पोट लहान झाले तरी ते दुःख लहान होत नाही. डॉक्टरांकडे आहारतज्ज्ञ आणि मनाचा आजार जाणणारे सल्लागार असतात, त्यांच्याशी बोलण्यात लाज नाही.

काट्याचा धाक घालू नये. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, सकाळी वजन करावे आणि वहीत लिहावे. आपण बाजार समितीत कांद्याची गाडी वजनकाट्यावर घालतो तेव्हा काट्यावर रागावत नाही, पावती घेतो. तशीच ही पावती. दोन-तीन किलो वाढल्याचे दिसले की त्याच महिन्यात डॉक्टरांना भेटावे. खाण्यात दुरुस्ती, व्यायाम, गरज पडली तर औषध, असे उपाय त्यांच्याजवळ असतात. लवकर गेले तर ते सोपे पडतात. मात्र वारंवार उलट्या, पायांना मुंग्या, काळी शौचास किंवा पोटात असह्य कळ यांपैकी काही झाले तर वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

शेवटी, ज्या घरांत अजून ऑपरेशनचा नुसता विचार चालू आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. खर्चाचा हिशेब मांडाल तेव्हा पुढच्या गोळ्या, तपासण्या आणि नाशिकच्या फेऱ्याही त्यात धरा. आणि ऑपरेशनची तारीख घेण्याआधी एक दिवस सगळ्यांनी मिळून बसा. उद्यापासून स्वयंपाक कसा होईल, पंगतीत कोण सांभाळून घेईल, बरोबर चालायला कोण जाईल, हे ज्याच्या त्याच्या नावाने ठरवा. हे ठरले की मगच तारीख घ्या.