नकार द्या, पण निकाल द्या!

अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला नवरा तिकडे आणि बायको इकडे. नवऱ्याने भरलेला आय-१३० अर्ज मंजूर झालेला, फी भरलेली, पोलिसांचा दाखला दिलेला, वैद्यकीय तपासणी झालेली, मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतही झालेली. मुलाखतीनंतर हातात एक कागद पडतो. त्यावर २२१(जी) हे कलम लिहिलेले असते आणि 'प्रशासकीय प्रक्रिया' चालू असल्याचे सांगण्यात येते. ही प्रक्रिया कोण करतो, कशासाठी करतो आणि कधी संपवणार, हे विचारण्याची सोय नाही. ई-मेल केला की तेच ते ठरावीक उत्तर! महिने जातात, वर्ष उलटते. वैद्यकीय तपासणीची मुदत संपते, ती पुन्हा करावी लागते. इकडे शेजारीपाजारी विचारू लागतात, पोरीला अजून नेले कसे नाही?

आपल्या समाजातील मुले-मुली शिकून अमेरिकेत गेली, तेथे स्थिरावली. तेव्हा हा प्रश्न केवळ दुसऱ्याच्या घरचा राहिलेला नाही. येमेन, इराण, पाकिस्तान येथील कुटुंबे तर असे चटके कितीतरी आधीपासून सोसत आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी कोर्टाचा दरवाजा ठोठावला. आपणही ठोठवावा काय? माझे उत्तर 'होय' असे आहे. पण कोर्टाकडे काय मागायचे, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

अमेरिकेचे कोर्ट व्हिसा देत नाही. परकीयाला आत घ्यायचे की नाही, हा सरकारचा अधिकार, ही भूमिका तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८९ साली चिनी मजुरांना बंदी घालणाऱ्या कायद्याच्या खटल्यात घेतली आणि आजही ती सोडलेली नाही. एलन नॉफ या जर्मनीत जन्मलेल्या महिलेचे उदाहरण बोलके आहे. तिचा नवरा अमेरिकी नागरिक, दुसऱ्या महायुद्धातील सैनिक. १९४८ साली ती न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरली आणि तेथेच अडकली. कारण गुप्त, सुनावणी नाही. १९५० साली सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचीच बाजू उचलून धरली. पुढे वृत्तपत्रांनी आणि काही लोकप्रतिनिधींनी ओरड केली, तेव्हा कोठे सुनावणी झाली आणि १९५१ साली ती आत जाऊ शकली. अपिलात तिच्याविरुद्धचा पुरावा टिकला नाही!

मग कोर्ट काय करू शकते? 'निर्णय घ्या', एवढे सांगू शकते. आपल्याकडे कलम २२६ खाली उच्च न्यायालयात परमादेशाची याचिका करतात, त्यातलाच हा प्रकार. (हक्काबरोबर दाद मागण्याचा मार्ग नसेल तर हक्क कागदावरच राहतो, हे बाबासाहेबांना पुरते ठाऊक होते. म्हणूनच कलम ३२ ला त्यांनी घटनेचा आत्मा आणि हृदय मानले.) अमेरिकेत यासाठी १९४६ चा प्रशासकीय कार्यपद्धतीचा कायदा आहे. सरकारी खात्याने वाजवी वेळेत काम उरकावे आणि अवाजवी विलंब झाला तर कोर्टाने ते करवून घ्यावे, असे तो सांगतो.

पण 'वाजवी' म्हणजे किती? कायद्यात आकडा नाही. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने १९८४ साली दूरसंचार आयोगासंबंधीच्या एका खटल्यात सहा कसोट्या सांगितल्या, त्याच आज नवरा-बायकोच्या ताटातुटीला लावल्या जातात. त्यातील एक कसोटी नेहमी आडवी येते. ती अशी की, तुमची फाईल पुढे घेतली तर दुसऱ्याची मागे जाईल. ऐकायला हे न्यायाचे वाटते. पण रांग असेल तर ती दाखवा ना! २२१(जी) मध्ये अडकलेल्या माणसाला ना क्रमांक मिळतो, ना पुढे किती जण आहेत ते कळते. जी रांग कोणाला दिसतच नाही, तिची शिस्त अर्जदारानेच का पाळावी? काही न्यायाधीशांना हा मुद्दा पटतो, अनेकांना पटत नाही. दोन-तीन वर्षांचा विलंबही अवाजवी नाही, असे निकाल वॉशिंग्टनमध्ये अनेकदा लागले आहेत.

२०२४ साली दोन तडाखे बसले. जूनमध्ये मुन्योझ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आपल्या परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा, असा मूलभूत हक्क अमेरिकी नागरिकाला नाही. हा खटला विलंबाचा नव्हता, नकाराचा होता. तरी त्याची सावली विलंबाच्या दाव्यांवरही पडते. जुलैमध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात म्हटले की, २२१(जी) हा नकारच आहे, म्हणजे निर्णय झालेला आहे आणि पुन्हा निर्णय घेण्याची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही. या निकालाला पूर्वदाखल्याचे बंधन नाही, पण सरकारी वकील तो पुढे करणारच. अर्जदाराला सांगायचे, 'थांबा, तपास चालू आहे' आणि न्यायाधीशाला सांगायचे, 'आम्ही केव्हाच नकार दिला आहे.' दोन तोंडांचा हा कारभार सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवणाऱ्या आपल्या माणसाला नवा नाही.

असे असूनही मी दावा करा म्हणतो, कारण अनेक दाव्यांत न्यायाधीशापर्यंत वेळच येत नाही. समन्स बजावल्यावर सरकारला उत्तरासाठी ६० दिवस मिळतात. तेवढ्यात कोठेतरी फाईल हलते, वकिलातीतून निरोप येतो आणि दावा निकाली निघतो. वर्षभर जी फाईल सापडत नव्हती ती दोन महिन्यांत कशी सापडते, याचे उत्तर सरकारने द्यायला हवे. दावा दाखल करण्याची फी ४०५ डॉलर. वकिलाची फी मात्र काही हजारांत जाते आणि फाईल अशी आपोआप हलली तर ती सरकारकडून बहुधा वसूल होत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा निकाल आड येतो. म्हणजे ज्याच्या खिशात पैसा, त्याच्याच फाईलला पाय फुटतात. हॉटेलात किंवा गोदामात राबणाऱ्याने काय करावे? कायद्याने स्वतः दावा चालवता येतो, पण सरकारी वकिलापुढे उभे राहणे सोपे नाही. त्याने आधी आपल्या भागातील काँग्रेस सदस्याच्या कार्यालयामार्फत विचारणा करावी. ती फुकट असते, आणि पुढे दावा करावाच लागला तर आपण वाट पाहिली, विचारले, याचा पुरावा ठरते.

दोन गोष्टींबाबत सावध राहा. नवरा नागरिक नसून ग्रीन कार्डधारक असेल तर बायकोच्या व्हिसाला वार्षिक संख्येची मर्यादा लागते. त्या प्रतीक्षेवर कोर्टाचा इलाज नाही. 'करून देतो' म्हणणारा एजंट खोटे बोलतो. दुसरे असे की, दाव्यामुळे मिळणारे उत्तर नकाराचेही असू शकते आणि मग दाद मागायला जवळजवळ जागा उरत नाही. दावा केला म्हणून व्हिसा नाकारता येईल असे कोणतेही कारण कायद्यात नाही, पण मूळ प्रकरणात काही कच्चे असेल तर ते वकिलाला आधीच मोकळेपणाने सांगावे.

दावा नवरा राहतो त्या भागातील फेडरल जिल्हा न्यायालयातही करता येतो. त्यासाठी इकडच्या बायकोला कोठे जावे लागत नाही. तिने मुलाखतीच्या दिवशी मिळालेला तो २२१(जी) चा कागद आणि पुढचा प्रत्येक ई-मेल तारखेसह जपून ठेवावा. दाव्याला जोडायची पहिली कागदपत्रे तीच.